कवटीवरील अक्षरे

मूल जन्मल्यावर सटीच्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे भवितव्य लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. 'कपाळ' ह्या शब्दाला आपल्या भाषेत दैवाचा अर्थ चिकटला आहे तो उगाच नव्हे. कवटीच्या हाडांमधील नागमोडी सांधे ज्यांनी प्रथम पाहिले, त्यांना ती न वाचता येणारी एखादी लिपी वाटली असली तरी त्यांस हसण्याचे कारण नाही. ह्या समजुतीची आम्हांस आठवण झाली ती एका वैद्यकीय ग्रंथामुळे. त्या ग्रंथातील कवटीच्या चित्रांवर खरोखरीच अक्षरे आहेत. ती चित्रे काढणारा हात पुढे मुंबई इलाख्यात तीस वर्षे राबला. आणि ग्रंथ मात्र आजतागायत दुसऱ्याच एका गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो.

हा ग्रंथ म्हणजे हेन्री ग्रे यांची 'शरीररचना : वर्णनात्मक व शस्त्रवैद्यकीय'. १८५८ च्या ऑगस्टात तो लंडन येथे प्रसिद्ध झाला. साडेसातशे पृष्ठे आणि ३६३ चित्रे असलेला हा ग्रंथ ग्रे यांनी लिहिला, आणि त्यातील चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढली. दोघेही सेंट जॉर्ज रुग्णालयाशी संबंधित. दोघेही तिशीच्या आसपासचे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण वाङ्मयाच्या मासिकात कशास, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जो ग्रंथ दीडशेहून अधिक वर्षे वैद्यांच्या पिढ्यांना माणसाकडे पाहावयास शिकवीत आला, त्याने काय दाखविले आणि काय दाखविले नाही, हे पाहण्याचा अधिकार ज्याला चेहरा आहे त्या प्रत्येकास आहे. सबंध ग्रंथाचा विचार येथे शक्य नाही. कवटी आणि चेहऱ्याचा पृष्ठभाग एवढ्याच भागापुरते आम्ही लिहीत आहोत.

प्रथम कवटी. मनुष्याच्या डोक्याच्या सांगाड्यात बावीस हाडे धरतात. मेंदूची पेटी आठ हाडांची आणि चेहरा चौदा हाडांचा. कानातील सूक्ष्म हाडे ह्या हिशेबात येत नाहीत. आपल्या वैद्यकीय परिभाषेत ह्यांतील कित्येकांची नावे मोठी बोलकी आहेत. नाकाच्या मुळाशी असलेले सच्छिद्र हाड ते झर्झरास्थी, म्हणजे चाळणीसारखे. आणि दोन्ही कानशिलांच्या मधोमध, पंख पसरून बसलेल्या वटवाघळाच्या आकाराचे, ते जतुकास्थी. हे दुसरे हाड विद्यार्थ्यांना नेहमीच रडविते. ते बाहेरून जेमतेम दिसते, पण पेटीच्या तळाशी जवळजवळ सर्व हाडांना भिडलेले असते. आणि त्याच्या भोकांतून व फटींतून डोळ्यांकडे, गालांकडे व जबड्याकडे जाणारे मज्जातंतू बाहेर पडतात.

असे अवघड हाड कागदावर दाखवावे कसे? त्या काळच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांत चित्रे लहान असत, त्यांवर बारीक आकडे किंवा अक्षरे असत, आणि त्या आकड्यांचे अर्थ खाली किंवा पलीकडच्या पानावर दिलेले असत. वाचकाची दृष्टी हाडावरून आकड्याकडे, आकड्यावरून सूचीकडे आणि सूचीवरून पुन्हा हाडाकडे अशी येरझाऱ्या घाली. कार्टर यांनी हा वळसा टाळला. त्यांनी चित्र मोठे काढले, आणि ज्या भागाचे जे नाव, ते शक्य तेथे त्या भागावरच घातले. स्नायू जेथून निघतो तेवढी हाडावरची जागा रेषेने आखली आणि तेथेच त्या स्नायूचे नाव दिले. नाव आणि वस्तू ह्यांच्यात अंतर राहिले नाही. गावाचा नकाशा पाहताना ओढ्याचे नाव ओढ्याच्याच काठाने वाचावे, तशी ही कवटी वाचता येते. हे चित्र पाहिलेला विद्यार्थी पुढे खरी कवटी हातात घेतो तेव्हा कोऱ्या हाडावरही त्याला ती अक्षरे दिसू लागतात. पाठ्यपुस्तकाच्या यशाची ह्याहून मोठी खूण आम्हांस ठाऊक नाही.

ह्या चित्रांचा दुसरा गुण त्यांच्या संयमात आहे. व्हेसालियसच्या १५४३ सालच्या ग्रंथातील एक सांगाडा चौथऱ्यावर ठेवलेल्या कवटीवर हात टेकून विचारमग्न उभा आहे. अल्बिनसच्या १७४७ सालच्या चित्रांत सांगाड्याच्या पाठीमागे चक्क गेंडा चरताना दिसतो. ती चित्रे थोर आहेत ह्यात शंका नाही. परंतु त्यांतील चित्रकार पाहणाऱ्याला आपली आठवण करून दिल्यावाचून राहत नाही. कार्टर यांच्या कवटीला पार्श्वभूमी नाही, तिच्यात वैराग्याचा उपदेश नाही, मृत्यूची भीती नाही. ह्या गृहस्थाचे वडील समुद्राची चित्रे काढणारे चित्रकार होते; तेव्हा देखावा काढणे त्याला जमत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याने तो काढला नाही. लाकडी ठोकळ्यावर चित्र उलटे, आरशातल्यासारखे काढावयाचे, आणि मग कोरक्याने ते कोरावयाचे, अशी ती रीत होती. एवढ्या आडवळणाने येऊनही रेषा कोठे डळमळलेली नाही.

ग्रे यांच्या गद्याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. ते स्वच्छ आहे, काटेकोर आहे, आणि रूक्ष आहे. प्रत्येक हाडाचे पृष्ठभाग, कडा, कोपरे, सांधे आणि त्याला चिकटणारे स्नायू असा क्रम ठरलेला असून लेखक त्यापासून ढळत नाही. सलग वाचणाऱ्यास हे कंटाळवाणे होते. पण कोश कोणी सलग वाचीत नाही, आणि ज्याला नेमकी गोष्ट हवी त्याला ती नेमक्या जागी सापडते. शिवाय ग्रंथाच्या नावातील 'शस्त्रवैद्यकीय' हा शब्द शोभेचा नाही. रचनेचे ज्ञान रोग्याच्या कामी कसे येते, हे ग्रे मधून मधून सांगत जातात, आणि गद्याला जीव येतो तो तेथे. ह्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे कवटीतील प्रत्येक तपशील बोलू लागतो. कानशिलाचीच गोष्ट घ्या. तेथे चार हाडे एकत्र येतात, हाड पातळ असते, आणि त्याच्या आतल्या अंगाने मेंदूच्या आवरणाची एक धमनी जाते. कानशिलावरचा फटका एखादे वेळी जिवावर कसा बेततो, हे ह्यावरून सहज कळते. आपल्या घरातील आजी तान्ह्या मुलाची टाळू तेलाने भरते तेव्हा तिचे बोट जेथे हलकेच टेकते, तेथेही हाडांची अशीच एक न मिटलेली भेट असते. साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास ती मिटते.

आता चेहऱ्याकडे वळू. आणि येथेच आमची ह्या ग्रंथाविषयीची मुख्य तक्रार सुरू होते.

ग्रे यांनी ग्रंथाची मांडणी संस्थांनुसार केली आहे. आधी सर्व हाडे, मग सांधे, मग सर्व स्नायू, मग धमन्या, शिरा, मज्जातंतू आणि ज्ञानेंद्रिये. ह्याचा परिणाम असा की, चेहरा ग्रंथात चार-पाच ठिकाणी येतो आणि सबंध असा कोठेच येत नाही. हाडांच्या प्रकरणात त्याची चौकट भेटते. शेकडो पृष्ठांनंतर स्नायू भेटतात, त्यानंतर पुन्हा केव्हातरी धमन्या, आणि आणखी पुढे मज्जातंतू. वाटण्या झालेल्या वाड्यासारखी ही स्थिती आहे: ओसरी एकाकडे, माजघर दुसऱ्याकडे, विहीर तिसऱ्याकडे, घर असे कोणाकडेच नाही.

हा दोष केवळ सोयीचा नाही. तो समजुतीचा आहे. कारण चेहऱ्याचे मर्म त्याच्या थरांच्या परस्परसंबंधातच आहे. अंगातील बहुतेक स्नायू हाडापासून निघून हाडालाच जाऊन मिळतात आणि सांधा हलवितात. चेहऱ्याचे स्नायू मात्र बहुतांशी हाडापासून निघतात आणि कातडीत जाऊन संपतात. ते हाड हलवीत नाहीत, कातडी हलवितात. आणि कातडीच्या त्या हालचालीलाच आपण हसणे, रडणे, आठ्या घालणे म्हणतो. ह्या स्नायूंना हुकूम पोचविणारा मज्जातंतू कानामागील हाडाखालून बाहेर पडतो, गालगुंड जिला होतात त्या लालाग्रंथीत शिरतो, आणि तेथून पंख्यासारखा पाच फाट्यांनी चेहऱ्यावर पसरतो. स्पर्शाची वार्ता नेणारा मज्जातंतू अगदी निराळा. त्याच्या तीन शाखांच्या टोकांना बाहेर येण्यासाठी भुवईवर, डोळ्याखाली आणि हनुवटीच्या बाजूस तीन वाटा आहेत, आणि त्या जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात. म्हणूनच अर्दितवायूने ज्याचे तोंड वाकडे झाले आहे, त्याला गालावरचा स्पर्श कळतो पण हसता येत नाही. जबड्याच्या कडेवरून वर चढणारी धमनी नागमोडी का आहे? तोंड उघडताना, चावताना, हसताना तिला ताण पडू नये म्हणून. आणि नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे पुटकुळे दाबू नये असे वडीलधारी माणसे सांगतात, त्यालाही आधार आहे: तेथील शिरांचा संबंध डोळ्याच्या खोबणीतून थेट कवटीच्या आतील रक्तवाहिन्यांशी पोचतो, आणि त्या वाटेने पू आत जाऊ शकतो.

ह्यांतील प्रत्येक गोष्टीत हाड, स्नायू, रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कातडी ह्यांतील दोन किंवा अधिक वस्तू एकत्र पाहाव्या लागतात. ग्रे यांचा विद्यार्थी त्या निरनिराळ्या शिकतो आणि एकत्र आणण्याचे काम त्याने स्वतः करावयाचे असते. चार्ल्स बेल यांनी १८०६ सालीच चित्रकारांसाठी मुखचर्येच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला होता. ग्रे यांच्यानंतर चारच वर्षांनी, १८६२ त, द्युशेन यांनी विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचा एकेक स्नायू हलवून त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही भाग घेतो हे दाखवून दिले. डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या ह्या छायाचित्रांचा उपयोग केला. ह्या सर्वांना चेहरा कशासाठी आहे असा प्रश्न पडला होता. ग्रे ह्यांना तो चेहरा कसा बांधला आहे एवढाच पडला. शस्त्रवैद्याच्या पुस्तकाकडून अधिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे, असे कोणी म्हणेल. पण शस्त्रवैद्याला ज्या चेहऱ्यावर सुरी धरावयाची असते तो कोणाचा तरी चेहरा असतो. सुरीचा एक चुकीचा फटकारा त्या मज्जातंतूवर पडला तर त्या माणसाचे हसणे जन्माचे जाते. तेव्हा हा प्रश्न त्याच्या धंद्याबाहेरचा म्हणता येत नाही.

कोणाचा तरी चेहरा, असे आम्ही म्हटले. ह्या ग्रंथातील चेहरे कोणाचे? इंग्लंडात १८३२ साली झालेल्या कायद्याने, ज्यांच्यावर हक्क सांगावयास कोणी आले नाही असे मृतदेह शवच्छेदनासाठी देता येऊ लागले; आणि असे देह बहुतकरून अनाथगृहांतून व रुग्णालयांतून, म्हणजे गरिबांचेच, येत. कार्टर आणि ग्रे यांनी ज्या देहांवर काम केले त्यांचीही जात हीच. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. ज्या चेहऱ्यावरील स्नायू-स्नायूचे नाव छापले आहे, त्या चेहऱ्याचे नाव तेवढे कोठेही नाही. कार्टर यांनी त्यांना विद्रूप केले नाही, त्यांचे प्रदर्शन मांडले नाही, त्यांना सन्मानाने काढले, हे आम्ही मान्य करतो. पण ओळख पुसल्यावाचून ते चित्र सर्वांचे होऊ शकत नव्हते, हेही खरे; आणि त्या पुसण्याची किंमत ज्यांनी दिली त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

नाव पुसले जाण्याचा हा प्रकार पुढे चित्रकारालाही भोवला. मुखपृष्ठाचे मुद्रित तपासावयास आले तेव्हा ग्रे यांनी कार्टर यांच्या नावापुढील मुंबईच्या अध्यापकपदाचा उल्लेख खोडला आणि त्यांच्या नावाचा टाइप बारीक करण्यास सांगितले. ग्रे यांस दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळावयाचे होते. कार्टर यांस एकरकमी १५० पौंड मिळाले आणि पुढे काही नाही. ग्रे यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, शवच्छेदने दोघांनी मिळून केली हे त्यांनी मुखपृष्ठावर छापले, आणि प्रस्तावनेत आपल्या ह्या मित्राचे आभार मानले. शिवाय ग्रंथाच्या कीर्तीचा उपभोग त्यांनाही फारसा लाभला नाही. दुसरी आवृत्ती १८६० त निघाली आणि १८६१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, देवी येऊन ते वारले. तथापि चूक ती चूकच. ह्या ग्रंथाला जे अजरामर केले ते आमच्या मते त्याच्या चित्रांनी, आणि चित्रकाराचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले नाही.

कार्टर १८५८ च्या मार्चमध्ये, ग्रंथ छापून होण्यापूर्वीच, मुंबईस पोचले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीररचना शिकवू लागले. पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाले आणि कालांतराने त्याच महाविद्यालयाचे प्रमुख. येथे त्यांनी महारोगाचा अभ्यास केला, पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर १८७४ साली ग्रंथ लिहिला, आणि उलटून येणाऱ्या तापाच्या जंतूंचा शोध घेतला. महारोग मज्जातंतू ग्रासतो, आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंनाही सोडीत नाही. ज्याने लंडनमध्ये मृतांच्या चेहऱ्यावरील तंतू रेखाटले, त्याला मुंबईत जिवंत माणसांच्या शरीरात तेच तंतू सुजलेले आणि बधिर झालेले पाहावे लागले. ग्रंथाने न विचारलेला प्रश्न आयुष्याने त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याने त्याकडे पाठ फिरविली नाही. १८८८ साली ते निवृत्त झाले व १८९७ त इंग्लंडात वारले.

चेहऱ्याचे एक दुसरे चित्र आमच्या भागातून इंग्लंडला गेले होते, आणि तेही ग्रे यांच्या ग्रंथाआधी चौसष्ट वर्षे. इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला; तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, भुवयांमधील देठ तसाच राखून, ती खाली वळविली आणि नाक घडविले. तो देठ राखण्यातच सारे मर्म आहे, कारण कातडीला जगविणाऱ्या धमन्या त्यातूनच येतात. कावसजीच्या चित्रासह ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि १८१४ साली कार्प्यू ह्या शस्त्रवैद्याने तिथे ती कृती करून पाहिली. ह्या हकीकतीत चेहऱ्याला नाव आहे. ज्याच्या हाताने तो पुन्हा चेहरा झाला त्याचे नाव मात्र राहिले नाही. ग्रे यांच्या ग्रंथात ह्याच्या उलट घडले. दोन्हीकडे कोणीतरी गाळले गेलेच.

ग्रे यांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या आजही निघतात. बेचाळिसावी २०२० साली निघाली. आम्ही वर दाखविलेला मांडणीचा दोष अखेर एकोणचाळिसाव्या आवृत्तीत दूर करण्यात आला. त्या आवृत्तीपासून ग्रंथ शरीराच्या भागांनुसार रचला जातो, आणि डोके व मान ह्यांचे हाडांपासून कातडीपर्यंत एकत्र वर्णन वाचावयास मिळते. वाटण्या झालेला वाडा पुन्हा एक झाला, ह्याबद्दल आम्हांस समाधान वाटते. दुसरा दोष ग्रंथाचा नसून समाजाचा आहे, आणि तो कोणत्याही आवृत्तीने दूर होणारा नाही. आपल्या इलाख्यातही १९४९ सालच्या कायद्याने बेवारशी देहच वैद्यकशाळांकडे जाण्याची सोय झाली. अलीकडे मात्र सुशिक्षित कुटुंबांतून देहदानाचे संकल्प होऊ लागले आहेत. असा देह जेव्हा शवच्छेदनाच्या मेजावर येतो, तेव्हा त्याच्यामागे एक नाव असते आणि एक होकार असतो. ज्यांनी नाव आणि होकार ह्यांवाचून आम्हां सर्वांच्या वैद्यांना शिकविले, त्यांचे ऋण फेडण्याचा आम्हांस तरी हाच एक मार्ग दिसतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वैद्यकाचा विद्यार्थी असेल त्यांनी हा ग्रंथ एकदा मागून घ्यावा आणि कवटीची जुनी चित्रे सावकाश पाहावी. त्यांवरील नावे पाठ करण्याची गरज नाही. ती चित्रे काढणाऱ्या माणसाचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर असे होते, एवढे मुलांना सांगितले तरी आमचे हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.